रक्त पुण्यातले, निबंध अमेरिकेतला

पुण्याच्या बुधवार पेठेत तीन गोष्टी अगदी शेजारी-शेजारी आहेत. अप्पा बळवंत चौकातला पुस्तकांचा बाजार, १८४८ साली सुरू झालेले पुणे नगर वाचन मंदिर आणि देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या गल्ल्या. बी.ए.ला असताना जुनी पुस्तके शोधायला मी सायकलवरून त्या चौकात जात असे. गल्ल्या टाळण्यासाठी लांबचा वळसा घेई. ओळखीच्या कुणी पाहिले तर घरी काय सांगायचे? छापील शब्द आणि त्या बायका यांच्यात पायी पाच मिनिटांचेही अंतर नव्हते, आणि तरी ते ओलांडले जात नव्हते. आज बोलायचे आहे ते या अंतराविषयी.

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद झाली १९८६ साली, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, म्हणजे आपल्या मराठी घरातल्या. त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या बायकांचे रक्त गोळा केले. यातल्या बऱ्याच बायका सरकारी निवासगृहात डांबलेल्या होत्या. आपण एड्सची तपासणी करतो आहोत हे त्यांना सांगितले नव्हते, अशी कबुली निर्मला यांनी पुढे अनेक वर्षांनी एका मुलाखतीत दिली. त्या बायका गरीब, निरक्षर. सांगितले असते तरी त्यांना कळले नसते, असे तेव्हा वाटले होते. मी या तरुण मुलीला दोष देत नाही. तिने मोठे धाडसाचे काम केले. पण ‘सांगून कळणार नाही’ हे वाक्य तेव्हापासून या संशोधनाला चिकटले, ते आजही सुटलेले नाही.

१९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. ‘नारी’ या नावाने ती ओळखली गेली. अलीकडे तिचे नाव बदलले आहे. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यात गुप्तरोगांवरील उपचारासाठी आलेल्या ९१६ स्त्रियांचा तिथल्या डॉक्टरांनी अभ्यास केला. निबंधाचे पहिले लेखक डॉ. रमण गंगाखेडकर. करोनाच्या दिवसांत दूरदर्शनवर रोज दिसणारे, २०२० चे पद्मश्री, तेच. निबंध डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

त्यात काय होते? देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांपैकी ४९.९ टक्के बाधित निघाल्या. आकडा भयंकर, पण ऐकणाऱ्याला नवल वाटू नये असा. खरी बातमी दुसरीकडे होती. ९१६ पैकी ५२५ जणींनी आपण धंदा कधीच केला नाही असे सांगितले होते, आणि त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित होत्या. दवाखान्यात आलेल्याच बायका मोजलेल्या, म्हणून हा आकडा साऱ्या शहराचा धरू नये. तरी अर्थ सरळ होता. त्यांच्या बाबतीत जोखीम होती ती जोडीदाराच्या गुप्तरोगाशी बांधलेली. आजार उंबरठा ओलांडून येत होता, तो घरधन्याबरोबर.

त्याच वर्षांत आपल्या भिंतींवर कवटी आणि हाडांची चित्रे होती. ‘वाईट वस्तीत जाऊ नका’ एवढाच उपदेश. बुधवारातल्या बायकांकडे बोट दाखवून शहर मोकळे झाले होते. घरातल्या बाईने काळजी घ्यावी, नवऱ्याशी बोलावे, हे सांगणारे संशोधन आपल्याच गावात झाले होते, आणि आपल्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

योगायोग असा, की त्याच १९९७ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ‘पबमेड’ हे इंटरनेटवरचे सूचिपत्र जगासाठी फुकट खुले केले. बोस्टनमधल्या विद्यार्थ्याला पुण्याच्या बायकांवरील निबंधाचा सारांश घरबसल्या मिळू लागला. संपूर्ण निबंध वाचायचा तर वर्गणी हवी. आणि बुधवार पेठेत? तिथे मराठी बोलणारी, कानडी बोलणारी, नेपाळी, बंगाली बोलणारी बाई. तिला इंग्रजी सारांश फुकट मिळून काय उपयोग?

मराठीत हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांना मी र. धों. कर्व्यांची आठवण देतो. १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ काढले. खटले झाले, दंड झाले. १९३४ साली तर त्यांच्या बाजूने न्यायालयात बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. गुप्तरोग, संततिनियमन, सगळे स्वच्छ मराठीत.

इथे एक आडवळण. आम्हा मुसलमानांवरचा सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला, चारशेहून अधिक पानांचा, इंग्रजीत. आमच्या मोहल्ल्यात त्याचे नाव सगळ्यांना ठाऊक. वाचलेला माणूस मला भेटायचा आहे. आपल्याबद्दल लिहिलेले आपल्यालाच वाचता न येणे काय असते, ते मला थोडे कळते.

सांगलीत वेगळे घडले. मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ने १९९२ पासून बायकांनाच कार्यकर्त्या केले, त्यातून १९९६ साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ निघाली. पुण्यात सहेली संघ उभा राहिला. मग २०११ साली पुणे विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या रोहिणी सहानी आणि व्ही. कल्याण शंकर यांचे सर्वेक्षण आले: १४ राज्ये, ३,००० स्त्रिया. तिथे बाई रक्ताची बाटली नव्हती, कामकरीण होती. धंद्यात येण्याआधी तिने कुठे मजुरी केली, किती मिळाले, असे प्रश्न होते. मी तो वाचला इंग्रजीतच.

सगळे उघडे करा म्हणतानाही भान हवे. गल्ली लहान असते. वय, गाव, मुलांची संख्या सांगितली की बाई ओळखू येते. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्हीविषयक कायदा संमतीवाचून कुणाची स्थिती उघड करू देत नाही. हे कुलूप योग्यच आहे. पण त्याच कुलपाआड निष्कर्षही ठेवायचे, हे मला पटत नाही.

मध्यंतरी एका डॉक्टर मित्राबरोबर मी त्या १९९७ च्या सारांशाचे मराठी करायला बसलो. आकडे सोपे निघाले, अडलो मथळ्यापाशी. ‘मॅरीड मोनोगॅमस विमेन’. मित्र म्हणाला, पतिव्रता लिही, एका शब्दात काम होईल. माझा हात धजेना. एकीला पतिव्रता म्हटले की दुसरीला काय म्हणणार, ते आपसूक ठरते. शेवटी लिहिले, ‘नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध नसलेल्या बायका’. लांबलचक झाले, पण ऐकून कळते.

संध्याकाळी ते माझ्या थोरल्या बहिणीला, आपाला, वाचून दाखवले. ती चौथीपर्यंत शिकलेली. सगळे ऐकून तिने विचारले, “मग मथळ्यात नवरे कुठे आहेत?”

मित्राला फोन लावला. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आपांना सांग, मूळातच नाहीत.”