दस्त्यातले पाणी : वाराणसीची छावणी आणि रायफलीच्या लाकडाचा इतिहास

४ जून १८५७ रोजी वाराणसीच्या छावणीत ३७व्या नेटिव्ह इन्फंट्रीची शस्त्रे काढून घेण्याचा प्रयत्न झाला आणि त्यातून गोळीबाराचा भडका उडाला. त्या वर्षीच्या काडतुसांची आणि त्यांवरील चरबीची कथा शाळेच्या पुस्तकांपासून सर्वांच्या परिचयाची आहे. ती काडतुसे ज्या एन्फिल्ड बंदुकीसाठी होती, तिच्या दस्त्याची कथा मात्र क्वचितच सांगितली जाते. नळीच्या जवळजवळ टोकापर्यंत पोचणारा तो दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा होता. पुढील दीड शतकात हे लाकूड का गेले आणि त्याच्या जागी काय आले, हा पदार्थविज्ञानाचा एक उद्बोधक अध्याय आहे.

दस्ता म्हणजे केवळ बंदूक धरण्याची मूठ नव्हे. तो खांद्याला टेकतो, स्फोटाचा मागचा धक्का पेलतो आणि नळीला दर वेळी त्याच स्थितीत धरून ठेवतो. शेवटचे काम सर्वांत नाजूक. सुमारे ६४० मिलिमीटर लांबीच्या नळीचे टोक एका बाजूला अवघे ०.१ मिलिमीटर ढळले, तरी साध्या भूमितीनुसार ३०० मीटरवरील नेम सुमारे ५ सेंटिमीटर चुकतो. नळीवर लाकडाचा दाब ऋतूप्रमाणे बदलत असेल, तर उन्हाळ्यात जुळवलेला नेम पावसाळ्यात टिकत नाही.

वाराणसीचे हवामान या दृष्टीने कठोर परीक्षक आहे. मे महिन्यात लू वाहते, तेव्हा हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमध्ये गंगा दुथडी भरलेली असताना ती ८० टक्क्यांच्या पुढे जाते. लाकूड हवेशी सतत पाण्याची देवघेव करीत असते. पुरेसा काळ मिळाल्यास पहिल्या स्थितीत त्यातील पाणी वजनाच्या ४-५ टक्क्यांवर येते, तर दुसऱ्या स्थितीत १५ टक्क्यांपलीकडे जाते. शिवाय लाकूड सर्व दिशांना सारखे फुगत नाही. ओले अक्रोड पूर्ण सुकेपर्यंत वाढ-वलयांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ७.५ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे ५.५ टक्के आकसते. लांबीच्या दिशेने मात्र जवळजवळ नाहीच. या हिशेबाने ५० मिलिमीटर रुंदीचा तुकडा मे ते ऑगस्ट या काळात १ मिलिमीटरहून अधिक फुगू शकतो. जवसाचे तेल चोळल्याने पाण्याचा प्रवेश मंदावतो, पण थांबत नाही.

तरीही अक्रोडाची निवड शहाणपणाची होती. हे लाकूड मध्यम वजनाचे, चिवट आणि कोरायला सोपे असते. धक्क्याने सहसा फाटत नाही आणि इतर अनेक लाकडांच्या तुलनेत कमी वेडेवाकडे होते. अडचण होती ती काळाची. झाड वाढायला अनेक दशके लागतात आणि जाड ओंडका नैसर्गिक रीतीने वाळायला काही वर्षे. भारतात हे लाकूड मुख्यतः काश्मीर आणि हिमालयाच्या पट्ट्यातून येई. १९०६ साली देहरादून येथे स्थापन झालेल्या वनसंशोधन संस्थेत भारतीय लाकडांचे गुणधर्म आणि ती शास्त्रशुद्ध रीतीने वाळवण्याच्या पद्धती यांवर दीर्घ काळ काम झाले. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यात ली-एन्फिल्ड रायफली बनू लागल्या, तेव्हा दस्त्याचा पुढचा भाग चिरू नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू घालण्याची रीत तेथे रूढ झाली. जुन्या शस्त्रांचे संग्राहक आजही त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणून ओळखतात. सातासमुद्रापार ऑस्ट्रेलियातील लिथगो येथे याच रायफलीसाठी स्थानिक, अधिक मऊ लाकूड वापरावे लागले. तेथे धक्का झेलणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवण्यात आल्या. लाकूड बदलले की रायफलीची रचनाही बदलावी लागते, हे यातून स्पष्ट होते.

काळाच्या अडचणीवर उत्तर शोधले ते जर्मनीने. १९३०च्या दशकाच्या अखेरीस तेथे बीच लाकडाचे पातळ पापुद्रे फिनॉलिक राळेने चिकटवून, उष्णतेखाली दाबून रायफलीचे दस्ते घडवले जाऊ लागले. पातळ पापुद्रा लवकर वाळतो, त्यामुळे वर्षांचे काम अल्पावधीत होते. एखाद्या थरातील गाठ किंवा वाकडी शीर शेजारच्या थरांमुळे निष्प्रभ ठरते आणि राळेच्या पातळ भिंती पाण्याची वाट अडवतात. मोबदल्यात वजन वाढते. सोव्हिएत संघानेही कलाश्निकोव्ह रायफलीसाठी असेच थरांचे लाकूड निवडले. ते होते बर्चचे, म्हणजे आपल्या भूर्जवृक्षाच्याच कुळातले.

लाकूडच नको, हा निर्णय पुढे व्हिएतनामच्या दमट जंगलांनी सोपा केला. अमेरिकन मरीन दलाच्या एम-४० या नेमबाजी रायफलीचे लाकडी दस्ते तेथे फुगून वाकू लागले. १९७०च्या दशकात तिच्या सुधारित आवृत्तीला काचतंतूंचा दस्ता मिळाला. एम-१६ तर आरंभापासूनच कृत्रिम दस्त्याची होती, आणि पुढे काचतंतू मिसळलेले नायलॉन जगभर स्थिरावले.

येथे एक समज तपासून पाहणे आवश्यक आहे. कृत्रिम पदार्थ पाणी शोषत नाही, असे सर्रास मानले जाते. नायलॉनच्या बाबतीत ते खरे नाही. नायलॉन-६६ पूर्ण भिजल्यावर वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी सामावून घेते. काचतंतू त्याचे फुगणे आवरतात, आणि आतले पाणी त्याला उलट लवचीक ठेवते. कोरड्या, गोठवणाऱ्या थंडीत मात्र ते ताठर होते आणि आघाताने तडकण्याची शक्यता वाढते. पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेने आराखडा केलेली इन्सास रायफल १९९९ च्या कारगिल युद्धात वापरली गेली, तेव्हा तिची प्लास्टिकची मॅगझिने थंडीत तडकल्याच्या तक्रारी समोर आल्या. तडकलेला भाग दस्ता नव्हता, पण शत्रूसमोर उभ्या असलेल्या जवानासाठी हा भेद निरर्थक होता. लाकडाचा शत्रू पाणी होता. बहुवारिकाचा शत्रू तापमान ठरले.

आज वाराणसीच्या छावणीत ३९ गोरखा प्रशिक्षण केंद्र आहे. तेथे लूच्या झळांत आणि श्रावणाच्या ओलीत शिकलेला जवान पुढे हिमरेषेवर उभा राहू शकतो. त्याच उत्तर प्रदेशात, अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे, एके-२०३ या रायफलीचे उत्पादन चालू आहे. डिसेंबर २०२१ मधील करार सहा लाखांहून अधिक रायफलींचा आहे. तिचा घडीचा दस्ता बहुवारिकाचा आहे. बर्चच्या थरांपासून निघालेली ही वंशरेषा अखेर साच्यात ओतलेल्या पदार्थापर्यंत पोचली. सैन्यासाठी ही निवड योग्यच म्हणावी लागेल : हजारो दस्ते एकसारखे निघतात, वजन कमी राहते आणि एकाही झाडाची दशके खर्ची पडत नाहीत. नेमबाजीच्या मैदानावर किंवा शिकारीच्या जुन्या बंदुकीवर अक्रोड आणि थरांचे लाकूड आजही टिकून आहेत, कारण तेथे अधिक वजन हाताला स्थैर्य देते आणि बंदुकीची निगा राखायला सवड असते.

दस्त्याच्या पदार्थाचा प्रश्न अशा रीतीने हवामानाशी बांधलेला आहे. कोणताही पदार्थ निवडला, तरी तो वाराणसीच्या मेमध्ये, ऑगस्टमध्ये आणि लडाखच्या जानेवारीत प्रत्यक्ष तपासला गेला पाहिजे. परदेशातील चाचण्यांची प्रमाणपत्रे परदेशातील हवेची असतात. आपल्या देशातील ऋतूंची कसोटी आपल्याच प्रयोगशाळांनी आणि मैदानांनी घ्यावयाची आहे. ती घेण्यात झालेल्या कसुरीची किंमत शेवटी तो दस्ता खांद्याला लावणारा जवान चुकवतो.