शेतवाहनांची चाके, खानदेशातील

शेतात व शेतरस्त्यांवर ओझे वाहणाऱ्या गाड्यांची आणि ट्रॅक्टरांची चाके. जळगाव, धुळे व नंदुरबार (१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचा भाग) हे जिल्हे मिळून झालेल्या खानदेशात या चाकांचा इतिहास तेथील काळ्या जमिनीशी निगडित आहे. कारखान्यात तयार झालेले चाक ठराविक मापाचे असते. जमीन, पीक व ओझे मात्र ठिकठिकाणी निराळे असते. त्यामुळे चाक आपल्या गरजेप्रमाणे गावातच घडवून वा बदलून घेण्याची रीत सुतार-लोहारांच्या काळापासून वेल्डिंगच्या दुकानांपर्यंत चालत आली आहे.

जमीन व चाक : तापी, गिरणा व पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली आहे. तिच्यातील चिकण माती पाणी शोषून फुगते व वाळल्यावर आकसते; त्यामुळे उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. ओली असताना ती मऊ व चिकट असून चाक तीत रुतते. अशा जमिनीत चाकाची रुंदी महत्त्वाची ठरते. उदा., १,००० किग्रॅ. भाराच्या दुचाकी गाडीच्या प्रत्येक चाकावर ५०० किग्रॅ. भार येतो. धाव ५ सेंमी. रुंद असून ती २० सेंमी. लांबीपर्यंत जमिनीस टेकली, तर दर चौ. सेंमी. वर ५ किग्रॅ. दाब पडतो. तोच भार ३० सेंमी. रुंद व २५ सेंमी. टेकणाऱ्या चाकाने पेलल्यास दाब एक किग्रॅ. हूनही कमी होतो.

लाकडी चाके : दख्खनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत भरीव चाकांच्या जड गाड्या प्रचारात होत्या आणि दूरच्या मालाची वाहतूक मुख्यतः लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून होई. पुढे मुंबई–आग्रा रस्ता सुधारला, १८६० नंतरच्या दशकात रेल्वे जळगाव-भुसावळमार्गे पुढे गेली आणि अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) कापसाचे भाव चढले. शेतातून बाजारापर्यंत कापूस नेण्यासाठी आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी आवश्यक झाली. तुंबा, आरे, पाटे व धाव हे या चाकाचे मुख्य भाग होत. लाकूड बहुधा बाभळीचे वा तिवसाचे असे. लोखंडी धाव गोवऱ्यांच्या जाळात तापवून पाट्यांवर चढवीत व लगेच पाण्याने थंड करीत. आकसलेल्या धावेमुळे सर्व सांधे घट्ट आवळले जात. धाव पक्क्या रस्त्यावर टिकाऊ असली, तरी अरुंद असल्याने ती रस्ता कापीत असे आणि ओल्या शेतात खोल चाकोऱ्या पाडी. त्या ओढीचा सगळा ताण बैलांच्या मानेवर येई.

हवेचे टायर : जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवा भरलेला टायर व्यवहारात आणला. विसाव्या शतकात तो बैलगाडीलाही बसविण्यात आला. अशा गाडीस ग्रामीण महाराष्ट्रात ‘डनलॉप गाडी’ किंवा ‘टायरगाडी’ म्हणतात. तिच्यात बॉल-बेअरिंग असल्याने ओढ कमी लागते. सुतार व लोहार यांचे चाकावरील काम मात्र तिच्यामुळे घटले.

ट्रॅक्टर : सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना दातेरी लोखंडी चाके असत. अमेरिकेत १९३२ मध्ये ॲलिस-चामर्स कंपनीने शेतीच्या ट्रॅक्टरला हवेचे टायर देऊ केले व थोड्याच वर्षांत ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. भारतात ट्रॅक्टरांचे उत्पादन १९६० च्या सुमारास सुरू झाले. लहान शेतकऱ्याला मोठा ट्रॅक्टर परवडत नसे. शिवाय कपाशीच्या ओळींतून व केळीच्या बागेतून तो फिरत नसे. शेजारच्या गुजरातेत अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी १९९४ मध्ये बुलेट मोटारसायकलीपासून ‘बुलेट सांती’ हे आंतरमशागतीचे यंत्र घरगुती साधनांनी तयार केले. पुढे १५ ते २० अश्वशक्तीचे छोटे ट्रॅक्टर बाजारात आले. त्यांची चाके ओळींत मावतात, पण मऊ जमिनीत ती घसरतात किंवा रुततात. म्हणून चाक रुंद करण्याचा प्रश्न पुन्हा उद्भवतो.

रुंद चाकांची घडण : तीन पद्धती रूढ आहेत. नवापूरसारख्या भाताच्या भागात चिखलणीसाठी लोखंडी पट्ट्यांची पिंजऱ्यासारखी चाके लावतात. दुसऱ्या पद्धतीत मूळ चाकाशेजारी आणखी एक चाक जोडतात. तिसऱ्या पद्धतीत रिमच रुंद करतात. त्यासाठी टायर उतरवून रिम दोन्ही कडांच्या मधून गोलाकार कापतात व तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची वाकविलेली पट्टी मध्ये बसवितात. प्रथम समोरासमोर वेल्डिंगचे टाके घालून चाक आसावर फिरवतात आणि ते डुलत नाही, हे पाहतात. मग सांधा थोडा थोडा, आलटून पालटून विरुद्ध बाजूंनी भरतात. सलग भरल्यास उष्णतेने रिम वाकते. टायरची रुंदीही रिमशी जुळावी लागते. अरुंद रिमवरील रुंद टायर मध्यभागी फुगतो व तेवढाच जमिनीस टेकतो. टायर चढविलेल्या रिमवर वेल्डिंग करणे प्राणघातक ठरू शकते. हवा सोडलेली असली, तरी तापलेल्या रबरातून निघणाऱ्या वायूंचा स्फोट होतो. चाक बाहेर सरकले की आसावरील ताणही वाढतो. ६०० किग्रॅ. भार १० सेंमी. बाहेर गेल्यास वाकविणाऱ्या परिबलात ६० किग्रॅ.-मीटर इतकी भर पडते व बेअरिंग लवकर झिजते. मात्र दोन चाकांमधील अंतर वाढल्याने उतारावर ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका कमी होतो.

मर्यादा : रुंद चाकाने वरच्या थरावरील दाब कमी होतो; खोल थरातील दाब मुख्यतः आसावरील एकूण भारावर अवलंबून असतो. चाक रुतत नाही म्हणून वाफसा येण्यापूर्वीच ट्रॅक्टर शेतात घातला, तर नांगराच्या तासाखालची माती घट्ट होते आणि मुळे व पाणी खाली जाण्यास अडथळा होतो. कोरडवाहू काळ्या जमिनीत उन्हाळ्यातील भेगांमुळे हा घट्टपणा काही अंशी आपोआप मोडतो. गिरणा (१९६९) व हतनूर (१९८२) ही धरणे, विहिरी आणि ठिबक सिंचन यांमुळे बागायत वाढली. केळीसारख्या पिकाखालील जमीन वर्षभर ओलसर राहते, तिला भेगा पडत नाहीत व एकदा बसलेली माती तशीच राहते. त्यामुळे अशा शेतात ट्रॅक्टरचे वजन कमी ठेवणे, तो नेहमी त्याच ठराविक पट्ट्यांवरून फिरविणे आणि वाफशाची वाट पाहणे हे चाक रुंद करण्याइतकेच आवश्यक असते. बैलगाडीच्या काळात ओल्या शेतात पाऊल टाकण्यास बैलच कचरत व तेवढा काळ जमिनीला आपोआप मिळे. यंत्रयुगात तो निर्णय शेतकऱ्याला स्वतः घ्यावा लागतो.