त्रैराशिक : आधी प्रमाण ओळखा
तीन ज्ञात राशींवरून चौथी अज्ञात राशी काढण्याच्या रीतीस त्रैराशिक म्हणतात. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) तिचे सविस्तर विवेचन आहे.

समजा, दौंड तालुक्यातील वरवंडच्या एका गुऱ्हाळात ८ टन उसापासून ८८० किलो गूळ निघतो. तर ५ टनांपासून किती? अज्ञात राशी ‘क्ष’ मानू. ८ : ८८० :: ५ : क्ष; म्हणून क्ष = (८८० × ५) ÷ ८ = ५५० किलो. हे सम प्रमाण.

आता १२ मजूर जो फड ६ दिवसांत तोडतात, तो ९ मजूर किती दिवसांत तोडतील? वरचीच रीत वापरल्यास साडेचार दिवस येतात आणि उसाची गाडी वेळेआधीच बांधावर येऊन उभी राहते! मजूर घटले की दिवस वाढतात. हे व्यस्त प्रमाण. येथे गुणाकार स्थिर असतो : १२ × ६ = ९ × क्ष; म्हणून क्ष = ८ दिवस.