धारेत धरणारी गाठ

रक्त साचले की गोठते ही समजूत जुनी आहे आणि ती खोटीही नाही. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरशॉ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर गुठळीची कारणे शोधताना मंदावलेल्या प्रवाहाला महत्त्व दिले. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायातील शिरेत गुठळी होते, तिथे हे पटते. पण हृदयविकाराच्या झटक्यात गुठळी बहुधा अरुंद झालेल्या धमनीत होते, म्हणजे रक्त जिथे अधिक वेगाने धावते नेमकी तिथे. नदीचा गाळ डोहात बसतो, धारेत बसत नाही. मग रक्ताचेच असे उलटे का? याचे उत्तर मिळायला सव्वाशे वर्षे लागली आणि तेही तुकड्यातुकड्यांनी आले.

पहिला तुकडा इटलीतील तुरीनचा. ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातील रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि १८८२ मध्ये आपली निरीक्षणे सविस्तर मांडली. तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज रक्तात तिसरेही काही वाहत होते : अगदी लहान, चपट्या, रंगहीन चकत्या. वाहिनीला इजा झाली की त्या आधी तिथे चिकटत आणि एकमेकींवर रचल्या जात. याच आपल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट. डेंग्यूच्या दिवसांत त्यांचा आकडा घरोघरी विचारला जातो. पण आकडा पुरेसा असूनही रक्त थांबत नाही असेही घडते.

१९२४ मध्ये बाल्टिक समुद्रातील ऑलंड बेटांवरून पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीला डॉ. एरिक फॉन विलेब्रांड यांच्याकडे आणली गेली. तिच्या बहिणी रक्तस्रावाने दगावल्या होत्या. डॉक्टरांनी कुटुंबाची वंशावळ काढली, तेव्हा ६६ जणांपैकी २३ जणांत हा दोष आढळला. हिमोफिलिया बहुतेक पुरुषांना होतो, इथे मात्र बायकाही होत्या. बिंबिकांची संख्या ठीक होती, तरी रक्त थांबायला फार वेळ लागे. १९२६ मध्ये त्यांनी या रोगावर स्वीडिश भाषेत निबंध लिहिला. ती मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या मासिक पाळीतल्या रक्तस्रावाने वारली.

दोष बिंबिकांतच असावा, असे बराच काळ मानले गेले. १९५०च्या दशकात स्वीडनमधील इंगा मारी निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसाच्या रक्तद्रवातील एक अंश रुग्णांना दिला आणि रक्तस्राव आटोक्यात आला. उणीव पेशींत नव्हती, रक्तद्रवात होती. त्या उणीव असलेल्या प्रथिनाला आज फॉन विलेब्रांड घटक म्हणतात.

याच सुमारास, १९५८ मध्ये, अमेरिकेतील डॉ. एडवर्ड हाइड यांनी एका वैद्यकीय नियतकालिकाला छोटे पत्र पाठवले. हृदयाची महाधमनी-झडप अरुंद झालेल्या काही रुग्णांच्या आतड्यातून रक्त जाते आणि त्याचे कारण सापडत नाही, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे डॉक्टरांच्या ध्यानात आले, की आतड्याचा भाग काढूनही रक्त पुन्हा जाऊ शकते, मात्र झडप बदलली की ते बहुधा थांबते. झडपेचा आतड्याशी संबंध काय?

दोन्ही कोड्यांची किल्ली एकच होती. वाहिनीच्या भिंतीलगतचा रक्ताचा थर जवळजवळ थांबलेला असतो, मधला धावत असतो. थराला थर ओढतो. वाट अरुंद झाली की ही ओढ अनेक पटींनी वाढते. फॉन विलेब्रांड घटक म्हणजे लांबलचक साखळी, पण एरवी ती लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळलेली असते आणि बिंबिका तिच्याजवळून निघून जातात. ओढ एका मर्यादेपलीकडे गेली, की गुंडा एकदम उलगडून धागा ताणला जातो, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्रत्यक्ष दिसले. ताणलेल्या धाग्यावरची दडलेली जागा उघडी पडते आणि धावत्या बिंबिका तिला पकडतात. तांबड्या पेशी प्रवाहाच्या मध्यभागी राहून बिंबिकांना काठाकडे ढकलत असतात, त्यामुळे त्या मुळातच भिंतीजवळ असतात. म्हणून ही गाठ धारेतच धरते. जखमी धमनीतून रक्त वेगाने उसळत असताना ते थांबवायची सोय शरीराला याखेरीज कशी करता आली असती?

पण असे धागे मोकाट राहिले तर धोका, म्हणून ताणलेला धागा कापणारे एक विकरही रक्तात असते. अरुंद झडपेतून जाताना धागे सतत ताणले जातात, सतत कापले जातात. उरतात ते आखूड तुकडे. आतड्यातील नाजूक वाहिनी फुटली, की तिथे बिंबिकांना पकडायला लांब धागा नसतो. झडप बदलल्यावर लांब साखळ्या परत येतात, हे २००३ मध्ये फ्रान्समधील लील येथील संशोधकांनी दाखवले.

जी ओढ एकाच्या धमनीत गुठळी धरते, तीच दुसऱ्याच्या आतड्यातून रक्त वाहू देते. परीक्षानळीत रक्त स्थिर असते, म्हणून हा धागा तिथे गुंडाळलेलाच राहिला. वृद्ध रुग्णाच्या आतड्यातून रक्त जात असेल आणि कारण सापडत नसेल, तर आज जाणता डॉक्टर पोटाबरोबर छातीलाही स्टेथोस्कोप लावतो. त्या साध्या कृतीमागे ऑलंडच्या त्या मुलीपासूनचा इतिहास आहे.