आडनाव पोर्तुगीज, मायबोली मराठी

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. धर्मगुरूच्या निवडीस काहींनी विरोध केला आणि आम्हा ख्रिस्ती मराठी भाषकांच्या ओळखीचा प्रश्न पुन्हा पुढे आला.

वसई १५३४ साली पोर्तुगीजांकडे गेली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. या दोन शतकांत बाप्तिस्म्याबरोबर परेरा, लोपीस, डिमेलो अशी आडनावे आली. फिलिपिन्समध्येही १८४९ च्या स्पॅनिश फर्मानाने असंख्य कुटुंबांना स्पॅनिश आडनावे मिळाली. घरात मात्र तागालोगसारख्या देशी भाषाच राहिल्या. वसईतील सामवेदी बोली आजही ख्रिस्ती कुपारी आणि हिंदू सामवेदी ब्राह्मण या दोन्ही समाजांत बोलली जाते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये पोर्तुगीज अमलातील गोव्यातच छापले गेले.

संमेलनाच्या नगरीचे नावही सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलेले होते. २०२३ मध्ये ते धाराशिव झाले. राज्यकर्त्यांनी दिलेल्या नावामुळे ती नगरी मराठीला परकी झाली नाही. २०२४ मध्ये प्रभुवासी झालेल्या फादर दिब्रिटोंना तिने अध्यक्षपदाचा मान दिला, हे आम्ही कृतज्ञतेने नोंदवतो.