निमुळत्या तोंडाची गोष्ट

आंबा घाटाने कोकणात उतरणारे प्रवासी आमच्या मलकापुरात चहापुरते थांबतात. विशाळगड जहागिरीचे हे गाव. इतिहास म्हटला की येथील मुले गडाकडे बोट दाखवितात. मला मात्र गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तेलकट फरशीवर भेटला.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा तेथे लहानसा कारखाना आहे. वडिलांनी घेतलेले विलायती मिलिंग मशीन बिघडले होते. कटर डगमगे, कामावर लाटा उमटत. भंगारवाला दारात उभा होता आणि म्हातारे मेस्त्री म्हणत होते, "मशीन मेलेलं न्हाई मालक, त्याचं तोंड तेवढं झिजलंय."

तोंड म्हणजे स्पिंडलच्या टोकाचे निमुळते छिद्र, टेपर. कटर धरणारा दांडा त्यात अचूक मध्यावर बसावा लागतो.

या छिद्राला मोठा इतिहास आहे, वाचकहो! अमेरिकेत यादवी युद्ध पेटले असता, 1862 साली, जोसेफ ब्राऊनने सर्वांगी मिलिंग मशीन घडविले. बंदुकांसाठी लागणाऱ्या ड्रिलांचे पीळ तोवर कारागीर कानशीने कोरीत. पुढच्याच वर्षी स्टीफन मोर्सने पीळदार ड्रिलाचे पेटंट घेतले. त्याच्या नावाचा टेपर फुटाला सुमारे 5/8 इंच निमुळता. पाचरीसारखा घट्ट रुतणारा. पण मिलिंगमध्ये हत्यार वारंवार बदलावे लागते, आणि रुतलेला दांडा हातोड्याविना निघत नाही. म्हणून पुढे फुटाला साडेतीन इंचांचा, म्हणजे 7:24 प्रमाणाचा, तीव्र उतार रूढ झाला. हा दांड्याला फक्त मध्यावर आणतो. मागून ओढून धरण्याचे काम बोल्टाचे.

आणि आमचे कोल्हापूर? बाबूराव पेंटर यांनी 1918 साली येथेच सिनेमाचा कॅमेरा घडविला आणि 1920 साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. जवळच किर्लोस्करवाडी 1910 पासून नांगर घडवीत होती. परक्याचे यंत्र खोलून पाहावे व आपल्या हाताने उभे करावे, ही या मातीची जुनी खोड!

मेस्त्रींनी प्रथम बेअरिंग तपासले; तेच ढिले असते तर पुढची मेहनत व्यर्थ. मग छिद्र रॉकेलने धुतले, बारीक दगडाने उंचवटे घासले. नव्या दांड्याला निळ्या रंगाचा पातळ हात देऊन तो आत बसविला व काढला. रंग फक्त आतल्या टोकाला उमटला. तोंड घंटेसारखे फाकले होते.

लेथची तिरकी सरक टेबलावर आवळून तिच्यावर छोटा ग्राइंडर बसविला. उतार मध्यरेषेशी सुमारे आठ अंश अठरा कला. स्पिंडल स्वतःच्याच बेअरिंगात फिरत राहिले. घाई करून चालत नाही: व्यास 0.1 मिलिमीटरने वाढला की दांडा सुमारे 0.34 मिलिमीटर अधिक आत जातो. फार घासले तर दांड्याची कड स्पिंडलला टेकेल आणि टेपर धरणारच नाही.

संध्याकाळी निळा रंग सर्वत्र सारखा उमटला. भंगारवाला केव्हाच निघून गेला होता.

"एवढं झिजलं कशानं?" मी विचारले.

"न पुसता दांडा घातला की किस मधी ऱ्हातोय, मास्तर. रोज थोडं थोडं खातोय."

एवढे बोलून त्यांनी खांद्यावरचे फडके नव्या पोऱ्याच्या हाती दिले. तो बोटाला फडके गुंडाळून छिद्र पुसू लागला. मेस्त्री त्याच्याकडे पाहत उभे राहिले, घरी जायची वेळ झाली होती तरी.