ढगातले दप्तर आणि वर जाणारी अरुंद वाट

बीडच्या इतिहासात थोडाफार रस असणाऱ्याला पाटांगण हे नाव वेगळे सांगावे लागत नाही. वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची जुनी पोथी मिळाली ती येथे. 1909 साली त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठीचे व्याकरणही लिहिले. पुढे 1960 मध्ये शासनाने ज्ञानेश्वरीची आवृत्ती काढली, तिलाही राजवाड्यांच्याच संहितेचा आधार होता. मूळ पोथी मात्र आज उपलब्ध नाही. तिच्यातल्या एखाद्या रूपाविषयी शंका आली तर अक्षर पुन्हा डोळ्यांखाली घालण्याची सोय उरलेली नाही. आपण सारे वाद घालतो ते छापील नकलेवर.

नक्कल वेळेवर झाली म्हणून एवढे तरी राहिले. मी गेली वीस-बावीस वर्षे आमच्या जिल्ह्यातल्या घरांमधली मोडी आणि उर्दू कागदपत्रे पाहत फिरतो. पदवी वेगळ्याच विषयाची, मोडी शिकलो ती एका निवृत्त तलाठ्याकडून. सहा वर्षांपूर्वी केज तालुक्यातल्या एका वाड्यातले तीन रुमाल मी टिपून आणले होते. निजामी अमलातल्या पावत्या, इनामाचे तंटे, आणि एका विधवेने आपल्या हिश्श्यासाठी लिहिलेले लागोपाठ अकरा अर्ज. सगळे एका हार्ड डिस्कवर. ती डिस्क एका सकाळी टकटक आवाज करू लागली आणि दुपारी बंद पडली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मी पुन्हा त्या वाड्यावर गेलो, तर काकू म्हणाल्या, "भाऊ, औंदा पत्र्यातून पाणी उतरलं. त्या गठुड्याचा पार लगदा झाला व्हता, टाकून दिलं." त्या अकरा अर्जांपैकी दोनांची टिपणे माझ्या वहीत आहेत. बाकी नऊ गेले.

त्यानंतर मी ठरवले की जे काही टिपले त्याची एक प्रत घराबाहेर, दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे ज्याला क्लाउड म्हणतात तिथे, गेलीच पाहिजे. पैसे भरले, प्रोग्राम बसवला आणि रात्री जेवून पडद्यासमोर बसलो. पडद्यावर आकडा आला: 44 दिवस शिल्लक.

वाचकांपैकी अनेकांनी असा आकडा पाहिला असेल, आणि बहुतेकांनी माझ्यासारखाच संगणकाला दोष दिला असेल. मी मेमरी वाढवून घेतली. एकाच्या सल्ल्याने सगळे पुसून विंडोज नव्याने टाकले. आकडा 44 चा 43 झाला, तोही दिवस उलटला म्हणून. मग कागदपत्रांना लावतो तीच शिस्त या प्रकरणाला लावायची ठरवली: आधी मोजमाप, मग मत.

पहिला घोळ एककांचा निघाला. इंटरनेट विकणारा मेगाबिटमध्ये बोलतो आणि आपली फाइल मेगाबाइटमध्ये असते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे एक मेगाबिटच्या वाटेवरून सेकंदाला एक अष्टमांश मेगाबाइट जातो. ए-4 आकाराचे एक पान 300 डीपीआयने रंगीत, न दाबता स्कॅन केले तर ते साधारण 26 मेगाबाइटचे होते. एक मेगाबिटच्या वाटेने अशा एका पानाला साडेतीन मिनिटे लागतात. माझ्याकडे 9,200 पाने होती, म्हणजे सुमारे 240 गिगाबाइट. विघा आणि एकर एकाच रकान्यात लिहिल्यासारखा हा प्रकार आहे.

दुसरा शोध जास्त महत्त्वाचा. माझी जोडणी 30 मेगाबिटची. वेग मोजून पाहिला तर खाली येणारा 27 भरला. वर जाणारा, म्हणजे अपलोड, राउटरला केबल लावून 8, आणि मी बसतो त्या मागच्या खोलीत वाय-फायवर जेमतेम 1. बॅकअप सगळा वर जातो. जाहिरातीतला 30 हा आकडा त्याच्या काहीच कामाचा नाही.

वर जाणारी वाट अरुंद का, याचा शोध घेताना मी 1980 च्या दशकाच्या अखेरीस पोहोचलो. अमेरिकेत बेलकोर या संस्थेत जोसेफ लेक्लायडर नावाचे अभियंते टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून वेगाने माहिती कशी नेता येईल यावर काम करत होते. अडचण अशी की एक्स्चेंजजवळ शेकडो घरांच्या तारा एकाच जुडीत येतात. घरून निघालेला संदेश तिथवर पोहोचेपर्यंत क्षीण झालेला असतो, आणि शेजारच्याच तारेत एक्स्चेंजमधून नुकताच सुटलेला संदेश जोरात असतो. मोठ्या आवाजात छोटा आवाज बुडतो. लेक्लायडर यांचे म्हणणे असे, की दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडा; खाली जास्त द्या, वर कमी द्या, म्हणजे हा गोंधळ बराचसा मिटतो. टेलिफोन कंपन्यांना तेव्हा केबल टीव्हीशी स्पर्धा करून तारेवरून घरोघर चित्रपट पोहोचवायचे होते. चित्रपट पाहणाऱ्याने वर पाठवायचे काय, तर 'पुढचा लावा' एवढी आज्ञा. त्यामुळे ही कल्पना धंद्यालाही सोयीची ठरली.

हीच एडीएसएल. या नावातला 'ए' म्हणजे असमान. 1999 च्या मानकात बोलण्याचा आवाज 4 किलोहर्ट्झच्या आत ठेवला, वर जाण्यासाठी सुमारे 25 ते 138 किलोहर्ट्झ एवढी पट्टी दिली आणि खाली येण्यासाठी 138 ते 1104. खालची वाट वरच्या वाटेच्या साडेआठपट रुंद. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून आलेले पहिले ब्रॉडबँड याच जातीचे होते. त्याआधी 1998 च्या सुमाराचे 56 किलोबिटचे मोडेमही वरच्या दिशेला 33.6 वरच थांबत.

धोरणातही हेच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले 15 ऑगस्ट 1995 रोजी. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणाने ब्रॉडबँडची व्याख्या केली ती किमान 256 किलोबिट डाउनलोड अशी. 2013 मध्ये ते 512 किलोबिट झाले, 2023 मध्ये 2 मेगाबिट. आकडा वाढत गेला, शब्द मात्र 'डाउनलोड' हाच राहिला. घरातला माणूस घेणारा आहे, देणारा नाही, हे यात गृहीत आहे. केज तालुक्यातून कोणी 240 गिगाबाइटचे दप्तर वर पाठवील असे त्या व्याख्या लिहिणाऱ्यांच्या मनात कशाला येईल?

आता तार काचेची आली आहे. तरी घरोघर जाणाऱ्या फायबरच्या प्रचलित पद्धतीत खाली सुमारे 2.5 गिगाबिट आणि वर त्याच्या निम्मे अशीच विभागणी आहे, आणि हे सगळे एका गल्लीतल्या तीस-साठ घरांत वाटले जाते. खाली येताना प्रकाश सगळ्यांकडे एकदम जातो. वर जाताना मात्र एकाच धाग्यावर सगळ्यांचे संदेश एकमेकांवर आदळू नयेत म्हणून प्रत्येक घराला पाळी ठरवून दिलेली असते. रेशनच्या रांगेसारखे. शिवाय ग्राहकाला किती द्यायचे ते विकणारा आपल्या हिशोबाने ठरवतोच.

तेव्हा आठाच्या वर मी काही करू शकत नव्हतो. पण माझे गाडे आठावरही नव्हते, अर्ध्यावर होते. हे अंतर माझ्याच घरात हरवले होते. आमचे घर जुने, भिंती दगडमातीच्या, दोन फुटी. वाय-फायला त्या भिंती पार करता करता धाप लागते. संगणक उचलून राउटरपाशी नेला, केबल जोडली, एकाचे आठ झाले. उरलेले गुपित प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये होते. इतर कामे अडू नयेत म्हणून त्याने आपण होऊन निम्म्याच वेगाची मर्यादा घालून घेतली होती. सुरुवातीचा अर्धा मेगाबिट आणि 44 दिवस यांचा मेळ तिथे बसला. मर्यादा काढली. हिशोबाने काम पावणेतीन दिवसांचे झाले.

प्रत्यक्षात नऊ रात्री लागल्या. मर्यादा काढल्यावर दुसऱ्याच संध्याकाळी मुलीचा ऑनलाइन वर्ग अडकू लागला. तिला तर खालीच घ्यायचे होते, मग अडले कुठे? खाली येणाऱ्या माहितीचीही 'पोहोचले' अशी पोच वर पाठवावी लागते, आणि वरची वाट माझ्या पानांनी भरलेली. पावती मिळाल्याशिवाय पुढचा माल सुटत नाही. म्हणून दिवसा मर्यादा, रात्री मोकळीक. रात्रीही संगणक अर्ध्या तासाने झोपी जाई, ती सवय बंद केली. वीज जाई तेव्हा अर्धवट चढलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, म्हणून राउटरलाही छोटी बॅटरी लावली.

एका रात्री तर एक गिगाबाइटही पुढे सरकला नाही. तेव्हा माझ्या सूचीच्या चिठ्ठ्या चढत होत्या: साठ हजार चिमुकल्या फाइली. प्रत्येक फाइलमागे सर्व्हरशी नवी बोलणी: येऊ का, ये, आलो, पोहोचलास. अर्धा सेकंद धरला तरी आठ तास होतात. त्यांची एकच मोठी गाठोडी बांधावी म्हटले, तर दुसरी अडचण. गाठोड्यातली एक चिठ्ठी बदलली की माझा प्रोग्राम आख्खे गाठोडे पुन्हा पाठवी. फक्त बदललेला तुकडा ओळखून तेवढाच पाठवण्याची युक्ती 1996 मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी आरसिंक या प्रोग्रामात आणली. ती सोय ज्याच्यात आहे असा प्रोग्राम घ्यावा, नसेल तर माझ्यासारखे गावनिहाय छोटे गाठोडे बांधावे. जुन्या दप्तरखान्यात मौजेवार रुमाल बांधत त्यात काय शहाणपण होते ते त्या रात्री कळले.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षा डिस्क एसटीने का पाठवली नाहीस? प्रश्न रास्त आहे. एक टेराबाइटची डिस्क पिशवीत घालून बीडहून छत्रपती संभाजीनगरला तीन तासांत पोहोचली, तर वेग पडतो सेकंदाला सातशेहून अधिक मेगाबिट. माझ्या जोडणीच्या नव्वदपट. मोठ्या कंपन्याही अवाढव्य साठा हलवायचा असला की पेटीत डिस्का भरून गाडीनेच पाठवतात. मीही तेच करतो आता. दर दिवाळीत आणि पाडव्याला एक डिस्क तिकडे बहिणीच्या कपाटात जाते. मधल्या महिन्यांत जे नवे टिपले जाते तेवढे तारेने चढते. रोजची तीस-चाळीस पाने म्हणजे अर्ध्या तासाहूनही कमी काम.

आपल्याकडे एका प्रतीवर भिस्त ठेवल्याचे परिणाम फार आधीपासून माहीत आहेत. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून आठवणी गोळा करून सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली, आणि ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्याकडून ते पुन्हा उभे करावे लागले, असे महानुभाव परंपरा सांगते. पाठांतर ही तेव्हाची दूरची प्रत. अंबाजोगाईत दासोपंतांनी तर 40 फुटांच्या आसपास लांब कापडावर पासोडी लिहिली. एवढ्या लांबीची वस्तू सहजी हरवत नाही, हेही एक प्रकारचे जतन.

नऊ रात्रींनंतर पडद्यावर हिरवी खूण आली. तिच्यावर विश्वास न ठेवता मी एक पान परत उतरवून पाहिले. आष्टी तालुक्यातली एक पावती, उजव्या कोपऱ्यात शिक्का. खाली यायला आठ सेकंद लागले. शिक्क्यातली अक्षरे मूळ फाइलशी ताडून पाहिली, जुळली. मग आणखी पाच पाने उतरवली, प्रत्येक तालुक्यातून एक. त्यातले एक उघडलेच नाही. त्या गाठोड्याच्या रात्री वीज दोनदा गेली होती. ते गाठोडे पुन्हा वर चढवायला लावले आणि मोडीची वही उघडून बसलो.